ओठांना स्पर्श करून मग गप्प बसवू नका : आमच्या धर्मग्रामाला (पॅरिशला) खुले पत्र

आदरणीय फादर आणि पॅरिश कौन्सिलच्या सभासदांनो,

सप्रेम नमस्कार.

राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या, आदल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) एक सूचना वाचून दाखवली गेली आणि दुपारपर्यंत ती आम्हा सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आली. सूचना चार ओळींची होती. वाडीतल्या प्रार्थना यापुढे फादर किंवा सिस्टर हजर असतील तरच होतील. तिथे बायबल फक्त वाचावं, प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या साध्या भाविकांनी, त्यावर बोलू नये. इतर धर्माच्या शेजाऱ्यांना बोलावू नये, आपणहून आले तर बसवून घेऊ नये. आणि गुरुवारी संध्याकाळी भरणारा प्रौढांचा श्रद्धाशिक्षणाचा वर्ग पुढील सूचनेपर्यंत बंद. कारण दोनच शब्दांत दिलं होतं : ‘सध्याची परिस्थिती’.

त्याच आठवड्यात मी पॅरिश ऑफिसात लेखी पत्र दिलं. ‘बघू’ असं उत्तर मिळालं. उपवासकाळ संपला, ईस्टर झाला, मे महिना लागला, बघणं अजून चालूच आहे. म्हणून आता उघड्यावर लिहिते. ‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?’ असं कुणी म्हणेल, तर आधीच सांगते. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, १९८३ च्या कायदेसंहितेतलं २१२ वं कलम म्हणतं की ख्रिस्तसभेच्या भल्याबाबत आपल्याला जे वाटतं ते आदर राखून धर्मगुरूंना सांगण्याचा भाविकांना हक्क आहे, कधी कधी तर ते कर्तव्य आहे. आणि ते इतर भाविकांनाही कळवावं. ‘इतर भाविकांनाही’ हे माझ्या पदरचं नाही.

मी निवृत्त नर्स. ३१ वर्षं वसई रोडहून लोकल पकडून मुंबईतल्या एका हॉस्पिटलात गेले. हॉस्पिटलात मला सगळे ‘सिस्टर’ म्हणत आणि चर्चमधली सिस्टर वेगळी. या घोटाळ्याची माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत गंमत वाटायची. गेली १९ वर्षं मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. पण या विषयात माझा जीव का अडकलाय ते सांगायचं, तर मला एक जुनी लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल.

नोकरीच्या पहिल्या की दुसऱ्या वर्षातला राखेचा बुधवार. पहाटेची मिस्सा करून, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मी लेडीज डब्यात चढले. डब्यात नेहमीप्रमाणे मटार सोलणं चाललेलं, पलीकडे भजनाच्या बायकांनी टाळ बाहेर काढलेले. शेजारची म्हणाली, ‘अगं, कपाळाला काय लागलंय तुझ्या?’ मी म्हटलं, ‘काही नाही, घाण लागली असेल,’ आणि रुमालानं पुसून टाकलं.

घाण म्हणाले मी. विचारणारीच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिच्या स्वतःच्या कपाळाला कुंकू होतं, अंगारा आणि बुक्का काय असतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माती आहोत, मातीत जाणार, याची आठवण म्हणून आम्ही वर्षातून एकदा हे लावतो, एवढं म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं. मला तेवढंही येत नव्हतं. लहानपणी धर्मशिक्षणाचे सगळे वर्ग केले होते, श्रद्धा पक्की करणारा दृढीकरणाचा संस्कार झाला होता, प्रार्थना तोंडपाठ होत्या. पण शेजारणीनं साध्या मराठीत साधा प्रश्न विचारला तर काय बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते काम फादरांचं, अशी आमची समजूत होती. समजूत कसली, सोय होती.

म्हणून गुरुवारचा वर्ग मला जिवाभावाचा होता. चौदा-पंधरा माणसं असायची. रिक्षावाले दोघे, एक निवृत्त कारकून, तीन आज्या, आणि रोज पहाटे दादरच्या फुलबाजारात मोगरा नेणारे एक काका. आम्ही तिथे लोकांनी विचारलेले प्रश्न आणायचो. माझ्या रविवारच्या वर्गातल्या सातवीतल्या एका मुलीला तिच्या मैत्रिणीनं शाळेत डबा खाताना विचारलं होतं, ‘तुमचा देव मेला ना? मग तो देव कसा?’ तो प्रश्न आम्हाला तीन गुरुवार पुरला. कुणी संत पॉलचं पत्र काढलं, कुणी पुनरुत्थानाकडे वळलं. तिसऱ्या गुरुवारी मोगऱ्याचे काका हळूच बोलले. आदल्या वर्षी त्यांच्या बायको कॅन्सरनं गेल्या. ते म्हणाले, ‘ज्यानं मरण बघितलंच नाही, तो देव आमच्या हिच्या खाटेपाशी येऊन काय बसणार होता?’ त्या मुलीनं हे उत्तर मैत्रिणीला सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही. मी मात्र अजून विसरले नाही. आता सूचनेप्रमाणे काकांनी फक्त वाचायचं, बोलायचं नाही.

फादर, ईस्टरनंतरच्या रविवारी माझ्या नातवाचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आपणच केलात, आणि मनापासून केलात. त्याच्या टाळूला पवित्र तेल लावताना ख्रिस्त याजक, संदेष्टा आणि राजा आहे आणि हे बाळ त्याच्याशी जोडलं गेलं, असं आपण म्हणालात. पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवून माझ्या जावयाच्या हातात दिलीत. मग ‘एफ्फाथा’चा, म्हणजे ‘मोकळा हो’चा, विधी. तो ऐच्छिक आहे, पुष्कळ ठिकाणी वेळ वाचवायला गाळतात. आपण गाळला नाहीत. अंगठ्यानं बाळाच्या कानांना आणि मग ओठांना स्पर्श केलात, आणि याच्या कानांनी लवकरच प्रभूचा शब्द ऐकावा, तोंडानं श्रद्धा प्रकट करावी, अशी प्रार्थना केलीत. साडेतीन महिन्यांचं पोर, त्यानं आपला अंगठाच चोखायला घेतला. सगळे हसले. मला हसू येईना, कारण मागच्या नोटीस बोर्डावर ती चार ओळींची सूचना तशीच टाचलेली होती.

माझी मुख्य तक्रार ही आहे. बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

बोलण्याचं हे काम आम्हाला पॅरिश ऑफिसनं दिलेलं नाही, तेव्हा पॅरिश ऑफिसला ते परत मागता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं की प्रापंचिकांना या कार्यावर स्नानसंस्कार आणि दृढीकरण यांतून खुद्द प्रभू नेमतो. पुढच्या वर्षी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, त्याच परिषदेनं प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर वेगळा दस्तऐवजच काढला. कायदेसंहितेचं २११ वं कलम तर ‘हक्क’ आणि ‘कर्तव्य’ हे दोन्ही शब्द वापरतं. म्हणजे धर्मगुरू हजर असले तर आनंद आहे. पण त्यांच्या हजेरीअभावी श्रद्धेविषयी तोंडच उघडायचं नाही, हा नियम कुठल्या कलमात बसतो ते मला दाखवावं. मिस्साच्या शेवटी तरी आपण आम्हाला काय सांगता? ‘जा’ असंच ना? ‘मिस्सा’ हा शब्दच मुळी त्या निरोपाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे.

कौन्सिलमधले एक भाऊ मला म्हणाले, ‘बाई, आपलं वागणं चांगलं असलं की झालं. बोलायचं कशाला?’ वागणं आधी, हे कबूल. पण पोप सहावे पॉल यांनी १९७५ सालच्या आपल्या पत्रात दोन्ही बाजू लागोपाठ मांडल्या आहेत. चांगलं जगणारी माणसं पाहून शेजाऱ्यांच्या मनात प्रश्न उभा राहतो, ही पहिली. आणि तो प्रश्न विचारला गेल्यावर शब्दांत उत्तर मिळालं नाही, तर ती साक्ष शेवटी अपुरी राहते, ही दुसरी. आमच्याकडे पहिली बाजू प्रवचनात ऐकवतात आणि दुसरी गाळतात. संत पेत्रानंही आपल्या पहिल्या पत्रात हेच सांगितलंय की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. गुरुवारचा वर्ग याच तयारीचा होता. त्याचा खर्च होता चहा आणि पारले बिस्किटं. सणाच्या रोषणाईच्या बिलाशी मी त्याची तुलना करत नाही. केली असं समजा.

आता ही सूचना का निघाली, त्याकडे येते. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. गेल्या वर्षी एका वाडीत प्रार्थनेच्या वेळी आपल्यातलाच एक भाऊ शेजाऱ्यांच्या देवांविषयी नको ते बोलला. भिंतीला भिंत लागून घरं. शेजाऱ्यांनी ऐकलं, ते दुखावले, दोन दिवस कुजबुज झाली आणि तिसऱ्या दिवशी काही अनोळखी माणसं विचारपूस करायला आली. फादर, त्या रात्री आपण स्वतः त्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन माफी मागितलीत. हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आपल्याविषयी आदर आहे. तो भाऊ चुकला. नुसता चुकला नाही, त्यानं पाप केलं असं मी म्हणेन. पण वॉर्डात एकदा चुकीचं औषध गेलं म्हणून आम्ही वॉर्डाला कुलूप लावत नव्हतो. औषध देणारीला बाजूला घेऊन पुन्हा शिकवायचो, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी उभं राहायचो. तुम्ही सगळ्या नर्सना घरी पाठवलंत. शिवाय जिथे असलं बोलणं चूक आहे हे शिकवलं जायचं, तो वर्गही बंद केलात.

भीती मला कळते. मी देवळाच्या आवारात राहत नाही, वस्तीत राहते. पेपरातल्या धर्मांतराच्या बातम्या, कायद्यांच्या बातम्या मीही वाचते. पण भीतीपोटी दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पोत्यात बांधल्या आहेत. श्रद्धा सांगणं वेगळं आणि माणूस ओढून आणणं वेगळं. आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं या ‘प्रसारा’चा अर्थ लावला : आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं त्यात बसतं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क बसत नाही. त्या निकालावर आपल्या लोकांत तेव्हा नाराजी होती, अजून आहे. पण ख्रिस्तसभेचं स्वतःचं ७४८ वं कलमही म्हणतं की कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येत नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट २००७ साली ब्राझीलमध्ये म्हणाले होते की ख्रिस्तसभा माणसं ओढून वाढत नाही, आकर्षणानं वाढते. मग आम्ही ओट्यावर बसून बोललो तर आपण घाबरता कशाला?

एका नाइट ड्यूटीची गोष्ट सांगते. एका पेशंटची बायको, गळ्यात तुळशीची माळ, रात्रभर नवऱ्याच्या उशाशी. दोनच्या सुमारास तिनं विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही फेऱ्या मारताना पुटपुटता ते काय?’ तोवर राखेच्या बुधवाराला बरीच वर्षं झाली होती. मी खिशातली जपमाळ काढून दाखवली. मरियामाता म्हणजे आमची कोण, पन्नास मणी कसे मोजायचे, आणि थकवा आला की मी एकच मणी धरून कशी बसते, तेही सांगितलं. तिनं मला हरिपाठाचं सांगितलं. पहाटेपर्यंत दोघींनी आपापली माळ ओढली. पुढे बरीच वर्षं आषाढीला जाताना ती मला फोन करायची, आणि नाताळच्या सकाळी मी तिला. ती ख्रिस्ती झाली नाही. मी वारकरी झाले नाही. माझ्यापुरती तरी ही माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली सुवार्ता-सेवा होती, आणि त्या रात्री वॉर्डात ना फादर होते ना चर्चमधल्या सिस्टर.

आता आपल्या वसईच्या संताकडे येते, कारण त्याच्या सणाला आपण सगळे नव्या कपड्यांत मिरवणुकीला असतो. संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हता. जपानमध्ये तो जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर काही वर्षं धर्मशिक्षक म्हणून राबला, मग व्यापारी झाला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. जपानी उत्तम येत असल्यानं तो दुभाष्या होता. धर्मगुरूंचे शब्द लोकांपर्यंत पोचायचे ते त्याच्या तोंडून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर चढवलं. त्याच्यासह मेलेल्या सव्वीस जणांपैकी सतरा जण प्रापंचिक होते.

आपल्या प्रवचनात गोष्ट इथे संपते. मला पुढची जास्त मोलाची वाटते. ख्रिस्ती धर्मावरच्या १६१४ च्या बंदीनंतर जपानमध्ये हळूहळू एकही धर्मगुरू उरला नाही. दोनशेहून अधिक वर्षं ना मिस्सा, ना पापनिवेदन. या काळात स्नानसंस्कार दिले शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी. सण कधी येतात याचा हिशेब गावातला एक माणूस ठेवायचा, बाळांवर पाणी घालायला दुसरा नेमलेला असायचा, आणि प्रार्थना आया मुलांना कानात शिकवायच्या. १८६४ साली फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीच्या औरा भागात चर्च बांधलं आणि ते त्याच सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलं, म्हणजे आपल्या गोन्सालोलाही. १७ मार्च १८६५ रोजी गावकऱ्यांचा एक घोळका तिथे आला. त्यातल्या एका बाईनं धर्मगुरूला सांगितलं की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे, आणि विचारलं, सांता मरियाची मूर्ती कुठे आहे? वसईच्या माणसाच्या नावावरच्या देवळात, धर्मगुरूंविना टिकलेली श्रद्धा एका बाईच्या तोंडून बाहेर पडली. ‘प्रापंचिकांनी बोलू नये’ ही ओळ तिला कुणी वाचून दाखवली असती तर?

भारतातला पहिला प्रापंचिक संत देवसहायम पिल्लई याला १५ मे २०२२ रोजी रोममध्ये संत घोषित केलं, तेव्हा आपल्या चर्चबाहेर त्याचा फ्लेक्स लागला होता. फ्लेक्स छान होता. एवढंच म्हणते.

कौन्सिलच्या सभासदांनो, तुमच्याशी दोन शब्द वेगळे. तुम्ही कोण? दुकानदार, शिक्षिका, बँकेतले, बागायतदार. म्हणजे प्रापंचिकच. प्रापंचिकांनी बोलू नये या ठरावाला तुम्ही हात वर केलेत, तेव्हा स्वतःच्याच तोंडावर हात ठेवलात. बैठकीत एकानंही ‘थांबा’ म्हटलं नाही, असं मी ऐकलं. खोटं असेल तर मला आनंद होईल.

आणि धर्मशिक्षकांविषयी. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या कामाला ख्रिस्तसभेत अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. आपल्याकडे नेमणूक अजून ‘रविवारी कोण मोकळं आहे?’ या निकषावर होते. एकोणीस वर्षांत मला मिळालेलं प्रशिक्षण म्हणजे एक तीन दिवसांचं शिबिर, त्यातला अर्धा दिवस जेवणाच्या रांगेत गेला. जेवण चांगलं होतं.

मागण्या फार नाहीत.

सूचना मागे घ्या, आणि जशी वेदीवरून वाचली तशीच वेदीवरून मागे घ्या. व्हॉट्सॲपवर हळूच नको.

गुरुवारचा वर्ग या महिन्यातच सुरू करा. फादर, महिन्यातून एका गुरुवारी आपण स्वतः येऊन बसा, शिकवायला आणि आमचं ऐकायलाही. वाडीची प्रार्थना चालवणाऱ्या प्रत्येकानं आधी तिथे काही आठवडे शिकावं, आणि दुसऱ्याच्या देवाविषयी वावगं बोलणाऱ्याला पुढची प्रार्थना चालवायला मिळू नये, असा नियम घाला. हा नियम मीच मागते आहे, लिहून घ्या.

धर्मग्रामातल्याच एखाद्या वकिलाला बोलावून एक संध्याकाळ ठेवा. २५ वा अनुच्छेद काय देतो, काय देत नाही, कुणी विचारपूस करायला आलं तर काय बोलायचं, हे आम्हाला कळू द्या. हवं तर शेजाऱ्यांनाही बोलवा.

धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वर्षाच्या हिशेबात वेगळी रक्कम दाखवा, कितीही लहान असो. आणि शेजाऱ्यांना बसवून घेऊ नये ही ओळ कुणी लिहिली ते मला सांगू नका, फक्त ती खोडा.

त्या ओळीचं दुखणं शेवटी सांगते. माझ्या शेजारच्या वहिनी मूळच्या मालवणकडच्या, त्यांच्या घरी गणपती असतो. गेली अठरा वर्षं मे महिन्यात आमच्या ओट्यावर जपमाळेची प्रार्थना होते तेव्हा त्या येऊन पायरीवर बसतात. बोलत नाहीत, कधी ‘आमेन’ म्हणतात, चुकीच्या जागीही म्हणतात. प्रार्थना संपली की सगळ्यांना कैरीचं पन्हं देतात, त्यात वेलची जरा जास्तच असते. काल संध्याकाळी कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, ‘यंदा माळ कधीपासून?’ मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

आपली नम्र,
धर्मग्रामातली एक आजी आणि रविवारच्या वर्गाची टीचर
वसई